तांदळाच्या पोत्यांवरची कमान

हे ऐकून तुम्ही आधी हसाल आणि मग घरी जाताना गाडीत एकमेकांना म्हणाल की देवदत्तकाका आता पार कामातून गेले. म्हणा. ही हकिकत मी आजवर अकरा जणांना सांगितली आणि अकराच्या अकरा जणांनी ती खोटी ठरवली. त्यात एक माझा डॉक्टर होता. त्यानं गोळीच बदलून दिली.

"काका, आम्ही आमच्याच घरी बसलोय. गाडीनं कुठे जाणार?" सिद्धेश म्हणाला.

खरं होतं. अर्विंगमधलं त्याचं घर, घरामागचा पॅटिओ, रविवारची दुपार आणि पोटात त्याच्याच घरचं वांग्याचं भरीत. सिद्धेश मूळ नागपूरचा. इथे एका कंपनीत क्लाउड सांभाळतो. टेक्सासच्या आभाळात महिनोन्‌महिने एक ढग दिसत नाही, तेव्हा याला नेमकं काम काय असतं हे मी कधी विचारलं नाही. त्याची बायको प्रीता पाय वर घेऊन बसली होती. माझी बायको शैलजा आत फोनवर कोणाला तरी लिंबाच्या लोणच्याची कृती सांगत होती. ती कृती तासभर चालते. मी मुद्दाम तेवढी वेळ गाठली, असा अर्थ कोणी काढू नये.

तर आमची नात इशिता. जन्म फ्रिस्कोचा, शाळा फ्रिस्कोची. चिरंजीवांची इच्छा होती की तिनं कॉम्प्युटरकडे जावं, ती गेली दगडांकडे. जुन्या दगडी इमारती दुरुस्त करायचं रीतसर शिक्षण घेतलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, फ्रिस्कोत सगळ्यात जुनी वास्तू म्हणजे आमचा वॉटर हीटर. ही पोरगी दुरुस्त काय करणार?" दोन वर्षं तिनं एका ऑफिसात बसून मॉलच्या बाथरूमचे नकाशे काढले. आणि मग तिला काम मिळालं ते थेट नऊशे वर्षांपूर्वीच्या मठाचं.

"इंडियात?" प्रीतानं विचारलं.

टेक्सासमध्ये. आमच्या घरापासून पश्चिमेला दोन तास.

त्याचं असं झालं. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या एका रँचवर तेल लागलं. मालकाकडे पैसा इतका आला की काय विकत घ्यावं ते सुचेना. तो फ्रान्सला गेला, तिथे ख्रिस्ती साधूंचा एक पडका मठ पाहिला, ज्याला ते लोक ॲबी म्हणतात, आणि म्हणाला, "पॅक करून द्या." त्यांनीही दिला. एकेक दगड सुटा करून, गवतात गुंडाळून, पेट्यांत भरून जहाजानं पाठवला. प्रत्येक पेटीत चिठ्ठी होती, कुठला दगड कुठे बसवायचा त्याची. इथल्या बंदरात कोणा साहेबाला वाटलं की गवतातून रोग येईल. त्यानं सगळ्या पेट्या उघडायला लावल्या, गवत जाळलं, आणि चिठ्ठ्या गवताला चिकटलेल्या होत्या.

"मग?"

मग काय. मालकानं दोन भिंती आणि अंगणाभोवतीची अर्धी ओवरी कशीबशी उभी केली आणि तेवढ्यात तेल आटलं. बाकीचा मठ शंभर वर्षं गवतात लोळत पडला. जगात एवढा एकच मठ असेल जो एकदा फ्रान्समध्ये पडला आणि दुसऱ्यांदा टेक्सासमध्ये, तोही उभा न राहता.

आता त्या मालकाची नात डोरीन, वय एकोणऐंशी, तिथल्या ट्रस्टची अध्यक्ष. बाईची हॅट एवढी मोठी की आम्ही सहलीला गेलो तेव्हा दुपारी आमची अख्खी बस तिच्या सावलीत डबे खायला बसली. तिनं इशिताला एक वर्ष दिलं होतं. वर्षातले साडेअकरा महिने इशिता दगड मोजत, फोटो काढत, जुळवत बसली होती आणि एकाला एक दगड लागत नव्हता. डोरीन तिला म्हणाली, "हनी, पुढच्या रविवारी दुपारी बाराला बोर्ड येतंय. त्यांना एक तरी कमान उभी दाखव. नाही तर सोमवारी लँडस्केपिंगवाल्याचा ट्रक येईल. तो हे दगड लोकांच्या बॅकयार्डात पायवाटेला घालणार आहे." दगड गेले की इशिताची नोकरी गेली. पुन्हा मॉलची बाथरूम. पोरगी फोनवर मला म्हणाली, "आजोबा, आय कान्ट गो बॅक टु टॉयलेट्स." आणि मग ती रडली. ती लहानपणी गुडघा फुटला तरी रडत नसे.

म्हणून मी आमच्या ज्येष्ठ मंडळाची सहल तिकडे वळवली.

"तुम्ही एकट्यानं?" सिद्धेशनं विचारलं.

कार्यकारिणीत ठराव झाला, सूचक मी, अनुमोदक मीच. खरं तर सहल आउटलेट मॉलला ठरली होती, त्यामुळे बसमध्ये बराच वेळ माझ्याशी कोणी बोललं नाही. तिथे उतरल्यावर पहिली प्रतिक्रिया आली, "पार्किंग मात्र ऐसपैस आहे." दुसरी आली, "एवढं लांब आणून पडकंच दाखवायचं होतं तर साताऱ्याला काय कमी होतं?"

पण मंडळी ओवरीत शिरली आणि मॉल विसरली. मी स्वतः पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत. कुठल्या टेबलावर ते विचारू नका, पण दगड मला कळतो. तुम्हाला सांगतो, तसलं काम मी फक्त आपल्या हेमाडपंती देवळांत पाहिलंय. दोन दगडांमधल्या फटीत पोस्टाचं तिकीट जाणार नाही. ओळीनं बारीक खांब, दोन-दोन जोडीनं, आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर पानं कोरलेली. एका खांबाची पानं दुसऱ्यासारखी नाहीत. एका ठिकाणी पानांच्या ऐवजी एक साधू होता, दाढ दुखत असल्यासारखा गाल धरून बसलेला. शेजारच्या खांबावर एक कोल्हा बदकांना प्रवचन देत होता आणि बदकं इतकी तल्लीन होती की मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली. कोणा पाथरवटानं मठाधिपतीची पाठ वळल्यावर हळूच ते कोरलं असणार. नऊशे वर्षांत त्याची तक्रार झाली नाही, यावरून मठाधिपतीही वर मान करून बघत नसावा.

ऊन त्या कमानींतून आडवं आत येत होतं आणि फरशीवर त्याच कमानी पुन्हा उमटत होत्या. मी हात पाठीमागे बांधून बराच वेळ बघत उभा होतो. हे मात्र खोटं नाही.

"म्हणजे बाकीचं?" प्रीता म्हणाली.

ऐकून तर घ्या. ओवरीच्या पलीकडे गवतात दगडांचे ढीग होते. त्यांतून वाट काढत बायका चालल्या होत्या आणि एका दगडाशी शैलजा थबकली. दगडावर एक मूर्ती कोरलेली, लांब केस, अंगभर वस्त्र, हात जोडलेले. आमच्या लोकांचे बूट तिच्या डोक्याजवळून चाललेले. शैलजा म्हणाली, "देवी अशी उघड्यावर पडलीय आणि तुम्ही तिला पायानं ढकलताय? कुठल्या का धर्माची असेना." पर्समधून तिनं हळदीकुंकवाची डबी काढली. मूर्तीला हळद लावली, कुंकू लावलं. दुसरीनं डब्यातला भात घेतला, तिसरीनं केळं घेतलं आणि सगळ्यांनी मिळून रीतसर ओटी भरली.

"आजी, नो," म्हणत इशिता लांबून धावत आली. "स्टॉप, स्टॉप, तो लाइमस्टोन आहे, तो सगळं शोषून घेतो. आणि ती देवी नाहीये. ही इज अ मंक. तो इथला सगळ्यात कडक मठाधिपती होता. त्याची दाढी झिजलीय फक्त."

म्हणजे नऊशे वर्षं ब्रह्मचर्य सांभाळलेल्या साधूची माझ्या बायकोनं खणाशिवाय ओटी भरली होती.

"खण होता," मागून आवाज आला. शैलजा चहाचा कप घेऊन बाहेर आली होती. लोणचं लवकर मुरलं होतं. ती प्रीताशेजारी बसली. "मंडळातल्या रेखानं दिला होता. पोपटी. चालू द्या तुमचं."

मी चालू दिलं, पण जरा सांभाळून.

तर तेवढ्यात वारा सुटला. टेक्सासचा वारा म्हणजे काय सांगू, त्या दिवशी एक गाय पाय न हलवता एका कौंटीतून दुसरीत गेली. शैलजाच्या हातातली उघडी डबी उडाली आणि कुंकवाचा लोट शेजारच्या दगडांच्या ढिगावर जाऊन बसला. इशिता मटकन खाली बसली. वर्षभर हातमोजे घालून हाताळलेले दगड, आणि त्यांवर कुंकू. तिनं मऊ ब्रश घेतला आणि डोळे पुसत पुसत कुंकू झटकायला लागली. वरचं कुंकू गेलं. खाचांतलं राहिलं. आणि दगडाच्या कुशीवर लाल रंगात एक मासा दिसला. माशाखाली तीन रेघा.

पुढच्या दगडावर मासा आणि चार रेघा. त्याच्या पुढे मासा आणि नऊ रेघा.

"तो पाथरवटाचा नंबर," सिद्धेश पुढे सरकून म्हणाला.

बरोबर. पेट्यांतल्या चिठ्ठ्या जळाल्या, पण ज्या माणसानं मुळात तो दगड घडवला त्यानं नऊशे वर्षांपूर्वी स्वतःच्या सोयीसाठी खुणा करून ठेवल्या होत्या. झिजून इतक्या पुसट झालेल्या की डोळ्याला दिसत नव्हत्या. मंडळाच्या सामानात निळ्या रांगोळीची पिशवी कायम असते. कुंकवाचा डाग राहतो, रांगोळी झटकली की जाते. दुपारभर सत्तरीच्या बावीस बायका गवतात बसून दगडांना रांगोळी चोळत होत्या आणि एकमेकींना हाका मारत होत्या, "सुचित्राताई, तुमच्याकडे मासा बारा आहे का? माझ्याकडे तेरा आलाय." संध्याकाळपर्यंत एका कमानीचे तेवीस दगड ओळीनं लागले. इशितानं शैलजाला अशी मिठी मारली की दोघीही रांगोळीनं निळ्या झाल्या.

"मग झालं ना काम?" प्रीता म्हणाली.

कुठलं झालं. कमान बांधायची म्हणजे खालून आधार लागतो. आपल्याकडे गवंडी त्याला सेंट्रिंग म्हणतात. कळीचा दगड, म्हणजे मधोमधचा सगळ्यात वरचा, बसेपर्यंत कमान स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. इशितानं सुताराला विचारलं. तो म्हणाला, लाकडी सांगाडा करून देतो, तीन आठवड्यांनी. हातात दिवस होते सात.

तेव्हा मी म्हणालो, "तांदूळ."

"काय?" सिद्धेश म्हणाला.

तांदूळ. आमच्याकडे गावात गवंडी काय करायचे, कमानीच्या पोटात माती भरायचे, तिला वरून गोल आकार द्यायचे, वर दगड मांडायचे आणि मग माती उकरून काढायचे. माती ओली असली की खचते. तांदूळ खचत नाही. आणि पोतं फाडलं की पाण्यासारखा हळूहळू ओघळतो, म्हणजे दगडाला धक्का न बसता आधार निघतो.  इशितानं कागदावर गणित केलं, आणि ते गणित बरोबर आलं तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त आश्चर्य वाटलं.

इथल्या राजेशचं किराणा दुकान तुम्हाला माहीत आहे. त्याच्या दारात मी उभा राहिलो आणि म्हणालो, "दोनशे पोती सोना मसुरी, वीस-वीस पौंडांची." तो म्हणाला, "काका, लग्न कोणाचं?" मी म्हणालो, "मठाचं."

शनिवारी पहाटे आमची बस पोती घेऊन निघाली. पोती सीटवर बसली होती आणि मंडळी पोत्यांवर. तिकडे पोचलो तर उकाडा एवढा की तळाच्या पोत्यांतला भात निम्मा शिजला होता. माल ठेवायच्या लाकडी चौकटी, म्हणजे पॅलेट, रचून त्यांच्यावर आम्ही पोत्यांचा घुमट केला. डोरीननं स्वतः फोर्कलिफ्ट चालवली. बाई एकोणऐंशीची, पण सव्वाशे किलोचा दगड अशी अलगद ठेवायची जशी पोळी तव्यावर टाकावी. मी चुन्यात गूळ आणि हिरडा घालायला सांगत होतो, आपल्या किल्ल्यांना घालायचे तसा. इशिता म्हणाली, "आजोबा, प्लीज गो सिट इन द शेड."

"आणि तुम्ही बसलात?" सिद्धेशनं विचारलं.

छे. मी सूचना देत होतो. दोन्ही बाजूंनी एकेक दगड चढत गेला, इकडून मासा एक, तिकडून मासा तेवीस, आणि दिवस मावळायच्या आत कळीचा दगड बसला. शेवटच्या दगडावरचा मासा इतर माशांच्या उलट दिशेला तोंड करून होता. इशिता म्हणाली, तो सही असते तसा आहे.

रविवारी पावणेबाराला बोर्ड आलं. डोरीन धरून पाच जण. घडीच्या खुर्च्या टाकून समोर बसले. त्यातला एक टाय लावलेला गृहस्थ म्हणाला, "पोत्यांवर काहीही उभं राहतं. पोती काढा, मग बघू." त्याच्या शेजारी लँडस्केपिंगवाला बसला होता आणि दगडांकडे असा बघत होता जसा मंडईत भोपळा बघावा.

इशितानं हेल्मेट घातलं. बाजूची पोती तिनं खालून एकेक चिरली. तांदूळ ओघळायला लागला. फरशीवर पांढरी रास वाढत गेली आणि पोत्यांचा घुमट हळूहळू बसत गेला. कमानीनं एकदा आवाज केला, म्हातारा खुर्चीतून उठताना करतो तसा. खांद्याजवळचे दगड मोकळे झाले आणि जागचे हलले नाहीत. सगळं ठीक चाललं होतं. आणि एक पोतं अडकलं.

बरोबर मधोमध, कळीच्या दगडाखाली. सगळा भार त्या एका पोत्यावर आला होता. बाजूनं हात पोचेना. पॅलेटवर चढून, कमानीच्या खाली उभं राहूनच ते कापायला हवं होतं. आणि डोक्यावर तीन टन दगड. बारा वाजायला चार मिनिटं होती. टायवाला घड्याळ बघत होता. इशितानं सुरी उचलली.  तिचं गणित बरोबर असेल तर काही होणार नव्हतं. पण ती सव्वीस वर्षांची होती आणि तिनं आयुष्यात बांधलेली ही पहिली कमान होती.

सिद्धेश पुढे वाकला. प्रीतानं पाय खाली घेतले.

"मग?"

मग मी पुढे झालो. म्हणालो, "बाळ, इकडे दे ती सुरी. कल्पना कोणाची? माझी. मग डोकं कोणाचं जायला हवं?" ती म्हणाली, "आजोबा, नो." मी तिला बाजूला सारलं आणि पॅलेटवर चढलो.

"त्या गुडघ्यांनी?" प्रीता म्हणाली.

त्याच गुडघ्यांनी. वर बघितलं. कळीच्या दगडावरचा उलटा मासा माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. मी त्याला म्हणालो, "बाबा, तू नऊशे वर्षं वाट बघितलीस, आणखी एक मिनिट दे." आणि सपकन पोतं फाडलं. तांदूळ माझ्या डोक्यावर, खांद्यांवर, शर्टाच्या आत. कमान खाली आली. किती? माझ्या करंगळीच्या नखाएवढी. टक्‌ असा आवाज झाला आणि दगडानं दगडाला धरलं. मी हात वर करून कळीच्या दगडाखालून फिरवला, आरपार. मध्ये काही नाही. नुसती हवा. टायवाला उठून उभा राहिला, लँडस्केपिंगवाला आपल्या ट्रककडे निघाला, आणि डोरीननं एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदा हॅट काढली. इशिता रडत होती, पण हे निराळं रडणं. आणि मी तसाच कमानीखाली उभा, डोक्यावर तांदूळ, जसा काही मीच त्या मठाचा...

"हे बसमध्ये होते," शैलजा म्हणाली. तिनं चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "दार आतून लावून, डोळे मिटून. पोतं मी कापलं. कमान उभी आहे हे यांना सांगायला डोरीनला खिडकीवर काठी आपटावी लागली."